सहासष्टावी

ग्रंथालयाच्या तळघरात माझं टेबल.
शेजारी ओल शोषणारं यंत्र,
त्याची बादली दर शुक्रवारी मीच रिकामी करते.
दारावर पाटी: माहिती व विश्लेषण विभाग.
विभाग म्हणजे मी, मार्लिस टोलेफसन,
इथलीच पदवीधर.
माझं कर्ज सत्तेचाळिसाव्या वर्षी फिटलं.

दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेले दोनशे बारा.
त्यांना विचारायचं, वर्षाला किती मिळवता?
एकशे एकतीस जणांनी सांगितलं.
बाकीच्यांच्या गप्प राहण्याला
तक्त्यात रकाना नाही.

सरासरी मी काढत नाही.
एकटा कोल्बी रेनडाल, ह्यूस्टनला गॅस विकणारा,
सगळ्यांना कागदावर श्रीमंत करून सोडतो.
म्हणून शाळेत उंचीनं उभं करायचे तसं
पगारानं उभं करायचं सगळ्यांना
आणि बरोबर मधल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.
पासष्ट अलीकडे, पासष्ट पलीकडे.
मधे बावन्न हजार चारशे.

नाव बघायचं नसतं.
बघितलं.
ब्रिटा ऑमुन्ड्रूड. जीवशास्त्र.
चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची,
डाव्या पायाखालचा एक स्वर अडकला
की चारचौघांत पट्टीला लाथ घालायची.
आता काउंटीच्या नोकरीत
शेतांवरच्या विहिरींचं पाणी तपासते.
तिला पत्ता नाही
की आमच्या पुस्तिकेच्या पान चारवर
ती ठळक अक्षरात उभी राहणार आहे,
डॉलरच्या खुणेमागे.

मुदत पंधरा मार्च.
सतराला एक पाकीट आलं, शिक्का बाराचा.
पेन्सिलनं लिहिलेलं. गॅरिक लोएन.
उत्पन्न: शून्य.
समासात: घरी असतो. वडील पडतात, मी उचलतो.
याच्यासाठी दुसरा चौकोन दिसला नाही.

डीन हॅलोरन म्हणाले, उशिरा आलंय, सोडून दे.
मी म्हटलं, उशीर टपालाचा, त्याचा नाही.

शून्य रांगेच्या तोंडाशी उभं केलं
आणि अख्खी रांग एकेक पाऊल सरकली.
कोल्बीसुद्धा सरकला, त्याला कळलंही नसेल.
ब्रिटा मधून हलली.
मधे आता कुणीच नव्हतं,
एक्कावन्न हजार सहाशे आणि तिच्यात
नुसती फट.
फटीचाही आकडा निघतो. बावन्न हजार.
डीन म्हणाले, चारशे गेले खरे,
पण गोल आहे. छापायला बरा.

एकशे बत्तीस जणांत
इतके मिळवणारं एकही माणूस नाही.
मी तीनदा तपासलं.

एप्रिलमध्ये पालकांचा दिवस.
ऑरिन ब्यूश्लर, धान्याच्या कोठारांचे पट्टे दुरुस्त करणारे,
पुस्तिका मांडीवर उलटी ठेवून बसले.
त्यांची मुलगी छताकडे बघत होती.
'किती वर्षांत फिटतं?'
माझ्याकडे सूत्र आहे. शुल्क, वजा शिष्यवृत्ती,
वजा चार वर्षं न मिळवलेले पगार.
'दहा वर्षं, चार महिने.'
त्यांनी पार्किंगच्या पावतीमागे लिहून घेतलं,
मग आकड्यावर बोट ठेवलं.
'हे बावन्न हजारवालं जे कुणी आहे,
त्याच्याशी बोलता येईल?
फार वेळ नाही घेणार.'

माझ्या नोकरीला बत्तीस वर्षं होतील.
हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

'असं कुणी नाही,' मी म्हटलं.
'शेजारचे दोघं आहेत.
त्यातली एक विहिरींचं पाणी तपासते.'
एवढंही सांगायला नको होतं.

'उंच? भुऱ्या केसांची?
आमच्याकडे आली होती, दोन वर्षांमागे.
चिखलाचे बूट बाहेर काढून आत आली.
नायट्रेट निघालं. धाकटा तेव्हा तान्हा होता.'
ते थांबले.
पेनचं टोपण शोधू लागले, ते त्यांच्या तोंडातच होतं.

'तिनं मला बाटली धरायला दिली होती,'
मुलगी पहिल्यांदाच बोलली,
'खिडकीपाशी, उजेडात.'